काचवाल्याची बाजू

बुधवार, रात्री उशिरा

पाउलो कोएलोच्या 'द अल्केमिस्ट' या कादंबरीवरून आज दादा आणि भाची यांची पुन्हा जुंपली. पुस्तकावरून घरात भांडणं व्हावीत हे एरवी सुखाचंच म्हणायचं. पण इथे गंमत अशी की दोघंही एकच वाक्य धरून बसलेत. एखादी गोष्ट मनापासून हवी असली की सगळं विश्व ती मिळवून द्यायला कामाला लागतं, ते. भाचीने ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलंय. दादाचं ते नुसतं कानावर पडलं तरी डोकं उठतं. "विश्वाला दुसरे उद्योग नाहीत का?" हा त्याचा ठरलेला शेरा. आज त्याने पुढे जोडलं, "आणि ज्यांना मिळालं नाही, त्यांनी काय कमी मनापासून मागितलं होतं?"

भाची गप्प झाली. पटलं म्हणून नव्हे, चिडून.

दादाचा हा मुद्दा बिनतोड आहे. यशाचं सगळं श्रेय इच्छेला दिलं की अपयशाचं खापरही तिच्याच डोक्यावर फुटतं. आजारपण, कर्ज, घरची ओढाताण, चुकलेली वेळ, यांची नोंद कुठेच नाही. हरलेल्या माणसाला वर आणखी ऐकून घ्यावं लागतं, की तुझी ओढच लटकी होती.

पण ते वाक्य म्हणजे पुस्तक नव्हे. ते केव्हाच पुस्तकातून निसटून भिंतींवर, कपांवर, सकाळच्या शुभेच्छांमध्ये जाऊन बसलंय. पुस्तक न वाचलेल्यांनाही ते पाठ असतं आणि त्यावर मतही असतं.

या पुस्तकाबद्दल मी आजवर जी मतं ऐकली ती साधारण वयाप्रमाणे पडतात. विशीत, काहीतरी सोडायचं की धरायचं अशा घालमेलीत ज्यांच्या हाती ते आलं, ते त्याचे ऋणी असतात. चाळिशीनंतर प्रथमच वाचणाऱ्यांना ते पातळ लागतं, दर दोन पानांना एक सुविचार. आणि तिसरे, विशीत भारावलेले आणि आता त्याची लाज वाटणारे. हे सगळ्यांत कडवे. पुस्तकावर टीका करता करता ते स्वतःच्या तरुणपणाचे कान उपटत असतात, असं मला पुष्कळदा वाटतं.

मी स्वतः ते पुष्कळ उशिरा वाचलं आणि मला ते आवडलं, पण भलत्याच कारणासाठी.

गुरुवार

काल कारण लिहायचं राहिलं.

माझी सगळी नोकरी जमाखर्चाच्या वह्यांत गेली, त्यामुळे असेल, पण मला या गोष्टीत आधी देणीघेणी दिसली. स्पेनमधल्या आंदालुसियाचा मेंढपाळ पोरगा, सांतियागो. त्याच्याकडे साठ मेंढ्या. पिरॅमिडपाशी खजिना आहे असं एकच स्वप्न त्याला दोनदा पडतं. अर्थ सांगणारी बाई रोख घेत नाही, पण सापडेल त्याचा दहावा हिस्सा कबूल करून घेते. मग भेटतो म्हातारा राजा. खजिन्याचा मार्ग सांगायला तोही कळपाचा दहावा हिस्सा मागतो आणि सहा मेंढ्या वाजवून घेतो. विश्व मदतीला धावतं ते जगप्रसिद्ध वाक्य याच म्हाताऱ्याच्या तोंडचं. म्हणजे सल्ला फुकटातला नव्हता. हे सहसा कुणी सांगत नाही.

उरलेल्या मेंढ्या विकून पोरगा समुद्र ओलांडतो आणि मोरोक्कोतल्या तांजियरच्या बाजारात पहिल्याच दिवशी सगळे पैसे चोरीला जातात. विश्वाने मदत केली ती ही!

इथून पुढे माझ्या आवडीचा भाग लागतो. चढावर काचेच्या भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. गिऱ्हाईक कमी, भांड्यांवर धूळ. पोरगा म्हणतो, ही पुसून देतो, जेवायला द्या. तो पुसत असतानाच दोन गिऱ्हाइकं आत येतात, म्हणून दुकानदार त्याला कामावर ठेवतो. आणि सांगतो, वर्षभर भांडी पुसलीस तरी इजिप्तला जाण्याइतके पैसे जमणार नाहीत, मध्ये हजारो किलोमीटर वाळवंट आहे. पोरगा खचतो. मग ठरवतो की निदान मेंढ्या घेण्यापुरते तरी जमवू. चढाच्या पायथ्याशी भांड्यांचं कपाट मांडायचं, चढून दमलेल्यांना काचेच्या पेल्यातून चहा द्यायचा, अशा युक्त्या तो काढतो, धंदा वाढतो. आफ्रिकेत पाय ठेवल्यापासून अकरा महिने आणि नऊ दिवसांनी तो तिथून निघतो.

हा भाग मला पुस्तकात पुढे येणाऱ्या विश्वाच्या आत्म्यापेक्षा आणि वाऱ्याशी बोलण्यापेक्षा कितीतरी खरा वाटतो. स्वप्नाच्या वाटेत वर्षभराची नोकरी लागते, ती दुसऱ्याच्या दुकानात असते, आणि तीही मन लावून करावी लागते. भाचीच्या वहीत यातलं एक अक्षर नाही. दादाच्या टीकेतही नाही.

आणि तो दुकानदार! त्याचं स्वप्न मक्केला जायचं. आता पैसा आहे, तरी जात नाही. विचारलं तर सांगतो, जाऊन आलो तर मग जगायला उरेल काय? त्या ओढीवरच तर दिवस निघतात. कोएलोला हा माणूस दयनीय वाटत असावा, निदान आपल्याला तसा वाटावा अशी त्याची इच्छा दिसते. मला नाही वाटला. उलट अख्ख्या पुस्तकात स्वतःला पूर्ण ओळखणारा हा एकच माणूस आहे. त्याला आपली भीती माहीत आहे, ती तो लपवत नाही, आणि निघणाऱ्या पोराला अडवतही नाही. आपल्या न जाण्याचा राग जाणाऱ्यावर न काढणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

शनिवार

ऑफिसातले जुने सहकारी, आता निवृत्त, त्यांच्याशी सकाळी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. वाचन दांडगं, जीभ तिखट. पुस्तकाचं नाव काढताच म्हणाले, "त्यात नवीन काय आहे? काखेत कळसा नि गावाला वळसा."

त्यांचं एका अर्थी खरं आहे. खजिना शेवटी निघतो तो पोरगा जिथून निघाला तिथेच, मेंढ्या घेऊन तो झोपायचा त्या पडक्या चर्चमध्ये. ही गोष्ट जुनीच आहे. 'अरेबियन नाइट्स'मध्ये ती आहे. बगदादचा एक माणूस कंगाल होतो, स्वप्नात ऐकून कैरोला जातो, तिथे चोर समजून मार खातो. अधिकारी त्याची हकिगत ऐकून पोट धरून हसतो. म्हणतो, मलाही तीनदा स्वप्न पडलं, बगदादमधल्या अमुक घरात कारंज्याखाली धन आहे म्हणून, पण मी काय वेडा आहे जायला? वर्णन नेमकं त्या कंगालाच्याच घराचं. फारसी कवी रूमीने आपल्या मसनवी या काव्याच्या सहाव्या भागात हीच गोष्ट सांगितली आहे. पोलंडच्या ज्यूंमध्ये क्राकोचा आइझिक प्राग शहराच्या पुलापर्यंत जातो. इंग्लंडमध्ये स्वॉफमचा फेरीवाला लंडन ब्रिजवर जातो. लोककथांचे अभ्यासक या सगळ्यांना एकाच प्रकारात धरतात, घरातच असलेला ठेवा म्हणून.

चमचाभर तेल न सांडता महाल पाहायची जी गोष्ट म्हातारा राजा सांगतो, तिचेही नातेवाईक आपल्याकडे आहेत. बुद्धाच्या जातककथांपैकी तेलपत्त जातकात काठोकाठ भरलेलं तेलाचं भांडं गर्दीतून न्यायचं असतं आणि मागे तलवार उपसलेला माणूस चालत असतो. थेंब सांडला तर डोकं उडणार. फरक मोठा आहे मात्र. जातकात सगळं लक्ष भांड्यावर ठेवायचं, आजूबाजूचं नाचगाणं पाहायचंच नाही. कोएलोकडे महालही पाहायचा आणि तेलही सांभाळायचं. कोएलोची अट ऐकायला गोड, पण तिच्यात पाठीमागे तलवार नाही, हेही खरं.

जुनी गोष्ट वापरली म्हणून मी लेखकाला दोष देणार नाही. गोष्टी वापरण्यासाठीच असतात. मला खटकतं ते हे की जुनी गोष्ट दोन-चार पानांत संपते, शेवटी हसू येतं, आणि ती तुम्हाला काही करायला सांगत नाही. कोएलोने तिला उपदेशाला लावलं.

संध्याकाळी भांडी आवरताना एक गोष्ट एकदम ध्यानात आली आणि हातातलं काम थांबलं. पिरॅमिडपाशी पोराला लुटारू गाठतात, बेदम मारतात, सोनं काढून घेतात. त्यांचा म्होरक्या जाता जाता ऐकवतो, दोन वर्षांपूर्वी याच जागी मलाही पुन्हा पुन्हा स्वप्न पडायचं, स्पेनमधल्या पडक्या चर्चमध्ये झाडाच्या मुळाशी धन आहे म्हणून. पण स्वप्नासाठी वाळवंट ओलांडण्याइतका मी मूर्ख नाही. या बोलण्यातूनच पोराला खऱ्या जागेचा पत्ता लागतो.

आता पाहा. हा लुटारू स्वप्नामागे गेला असता तर? दोन वर्षांपूर्वीच त्याने ती जागा खणून धन नेलं असतं. सांतियागो पिरॅमिडपाशी मार खाऊन बसला असता, आणि पत्ता सांगायला कुणी नसतं. स्वप्नामागे जा म्हणणारी ही कथा एका स्वप्नामागे न गेलेल्या माणसाच्या जिवावर उभी आहे! बगदाद-कैरोच्या गोष्टीतही तेच. तिथे तर हसणारा अधिकारीच त्याला परतीच्या वाटेसाठी पैसे देतो. सगळेच निघाले असते तर कुणालाच काही सापडलं नसतं.

सहकाऱ्यांना लगेच फोन करून सांगावंसं वाटलं. मग म्हटलं, नको, ते म्हणतील हेही आपल्याकडे आधीच लिहून ठेवलंय.

रविवार

भाचीला कालचं सांगितलं. मला वाटलं होतं ती विरघळेल. ती जरा वेळ नखाने टेबल खरवडत बसली आणि म्हणाली, "आत्या, पण तो गेला नाही, म्हणून आता काय करतोय? वाळवंटात पोरांना मारून त्यांचे खिसे कापतोय."

हे मला सुचलं नव्हतं. मी काचवाल्याला पुढे केलं. तोही गेला नाही, पण कुणाला लुटत नाही. ती म्हणाली, काचवाला चांगला आहे, पण मला काचवाला व्हायचं नाही. तिला नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रं काढायची आहेत. घरातलं खरं भांडण त्याचं आहे, पुस्तक बिचारं मध्ये सापडलंय.

मग तिने कोएलोचंच उदाहरण पुढे केलं, त्याने प्रस्तावनेत सांगितलेलं. १९८८ साली ब्राझीलमध्ये पुस्तक निघालं. एका दुकानदाराने त्याला सांगितलं की पहिल्या आठवड्यात एकच प्रत खपली, दुसरी खपायला सहा महिने गेले, आणि दोन्ही एकाच माणसाने घेतल्या. प्रकाशकाने करार मोडला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. आज ते ८० हून अधिक भाषांत आहे. "याला तू काय म्हणशील?"

मी म्हटलं, हा पुरावा आहे, पण एका माणसाचा. करार मोडल्यावर जे कायमचे घरी बसले त्यांच्या प्रस्तावना कोण छापतो? ती हसली. हसली म्हणजे थोडंफार पोचलं असावं.

मात्र कोएलोबद्दलची एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली नाही, कारण ती दादासाठी राखून ठेवली आहे. त्याला लेखक व्हायचं होतं, घरच्यांना ते पसंत नव्हतं, आणि किशोरवयातल्या त्या पोराला आईवडिलांनी मनोरुग्णालयात ठेवलं होतं. एकदा नव्हे. असा माणूस पुढे पानोपानी "मनाचं ऐका" म्हणून घोकत राहिला तर त्याच्या भाबडेपणाला हसताना जरा जपून हसावं, इतकंच.

भाचीला या पुस्तकातलं सगळ्यांत जास्त काय खुपतं हे तिने स्वतःहून सांगितलं. फातिमा. मरुद्यानातली ती मुलगी. पोरगा खजिना शोधायला निघतो, आणि तिच्या वाट्याला काय, तर वाट पाहणं. वर ती म्हणते की मी त्याच्याच स्वप्नाचा एक भाग आहे. "हिला एकही स्वप्न पडत नाही, आत्या. वाळवंटातल्या एका बाईला नाही." स्वप्न बघणाऱ्यांमध्ये लुटारूची सोय आहे, फातिमाची नाही. पुस्तकाचा पक्ष घेणाऱ्या पोरीनेच हे बोलावं याचं मला फार बरं वाटलं. पुस्तक आवडणं आणि त्याचं सगळं मान्य असणं या दोन गोष्टी तिला वेगळ्या ठेवता येतात, दादाला येत नाहीत.

तेवढ्यात दादा चष्मा शोधत आला. मी काचवाल्याचं काहीतरी बोलत होते. तो म्हणाला, कोण काचवाला? मग कळलं की इतके दिवस हिरिरीने भांडणाऱ्या या गृहस्थाने पुस्तक अर्धंही वाचलेलं नाही. तांजियरच्या बाजारात चोरी होते तिथेच मिटून ठेवलं होतं, "पोरगा बुडाला, मला वाटलंच होतं" म्हणून.

"मग पुढे काय करतो तो?" त्याने विचारलं.

"नोकरी," भाची म्हणाली. "जवळजवळ वर्षभर."