म्हाताऱ्या माणसांची न्हाणी आणि मिस्त्रीला द्यायचे काम

घरातल्या वृद्ध माणसासाठी न्हाणी नव्याने करून घ्यायची असेल, तर मिस्त्रीने भिंतीला टेप लावण्याआधी त्या माणसाला समोर बसवून त्याचे माप घ्यावे, असे माझे आईची न्हाणी करून घेतल्यानंतरचे ठाम मत आहे. गुडघा जमिनीपासून किती उंच आहे, बसल्या जागेवरून कोणता हात सहज पुढे जातो, उठताना भार कोणत्या पायावर येतो, या गोष्टी फरशीच्या रंगापेक्षा आणि नळाच्या कंपनीपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या असतात. आमच्याकडे ठेकेदार घर बघायला येतो, लांबी-रुंदी लिहून घेतो आणि चौरस फुटाचा दर सांगून निघून जातो. ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो माणूस तोवर ओसरीवर खाटेवरच बसलेला असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

आईच्या गुडघ्यांनी दगा द्यायला सुरुवात केल्यावर शहरातल्या नातेवाइकांनी दार असलेला टब बसवण्याचा सल्ला दिला. या टबाला बाजूने दार असते, त्यामुळे कड ओलांडायला पाय फारसा उचलावा लागत नाही. आत बसायला खुर्चीइतकी उंच बैठक आणि धरायला दांडा असतो. कल्पना चांगली आहे आणि जिथे चोवीस तास दाबाने गरम पाणी येते तिथे ती उपयोगाचीही असेल. आमचे गाव मात्र अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात आहे. असा टब भरायला साधारण दीडशे ते तीनशे लिटर पाणी लागते. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटरचे प्रमाण धरलेले आहे, म्हणजे एका माणसाच्या एका आंघोळीत तीन ते पाच माणसांचे दिवसभराचे पाणी जाणार. शिवाय या टबात आधी आत बसून दार लावायचे, मग पाणी भरायचे आणि सगळे पाणी निघून गेल्यावरच दार उघडायचे, अशी रीत आहे. पौष महिन्यातल्या थंडीत ओल्या अंगाने पाणी ओसरण्याची वाट पाहत बसणे म्हाताऱ्या शरीराला सोसणारे नाही, आणि मध्येच वीज गेली तर मोटार बंद पडून अर्ध्या भरलेल्या टबात बसून राहावे लागणार. एकदम सोडलेले तेवढे पाणी आमच्या शोषखड्ड्याला झेपले नसते, हेही खरे. काळ्या मातीत पाणी सावकाश जिरते आणि खड्डा खाली मुरमापर्यंत नेलेला नसेल तर सांडपाणी अंगणात पसरते. म्हणून टबाची किंमत विचारण्याची वेळच आली नाही. बादलीभर पाण्याची, बसून करायची, उंबरठा नसलेली न्हाणी करायची असे ठरले.

आईची अट एकच होती आणि ती तिने मिस्त्रीसमोरच सांगितली: "माही आंघोय मीच करीन, मले कोनी धराले नाई पायजे." या वाक्यामुळे सगळ्या कामाला दिशा मिळाली, कारण दुसऱ्याच्या हातून आंघोळ करून घेण्याची वेळ लांबवणे हाच तर या खर्चाचा हेतू होता.

बैठकीपासून सुरुवात केली. आमच्याकडे म्हाताऱ्यांसाठी न्हाणीत विटांचा भरीव ओटा बांधून देण्याची पद्धत आहे आणि मिस्त्रीनेही तोच सुचवला. पण बसलेला माणूस उठतो तेव्हा पावले गुडघ्याखाली, थोडी मागे ओढतो, तेव्हाच शरीराचा भार पुढे येतो. भरीव ओट्याला टाचा अडतात आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेमके तिथेच उठता येत नाही. त्यामुळे दोन बाजूंना विटांचे आधार घेऊन वर कडाप्प्याची लादी ठेवली, तिची पुढची कड गोल घासून घेतली आणि खाली पाय मागे घेण्यापुरती जागा मोकळी सोडली. उंचीसाठी आईला खुर्चीवर बसवून, खाली पाट आणि विटा सरकवत, तिचे तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील असे माप काढले. ते सतरा इंच आले. साधारणपणे सतरा ते एकोणीस इंच उंची बऱ्याच जणांना सोयीची पडते, पण बुटक्या बाईचे पाय त्या उंचीवर लोंबकळतील, म्हणून दुसऱ्याच्या घरचे माप उचलू नये. बादलीसाठीही शेजारी गुडघ्याएवढा ओटा केला, म्हणजे त्यातले पाणी घ्यायला वाकावे लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ दांड्यांवर गेला आणि तो जायलाच हवा होता. धरायचा दांडा मुठीत नीट बसेल असा, दीड इंच जाडीचा असावा. भिंतीपासून दीड-दोन इंचांचे अंतर पुरते, त्याहून जास्त ठेवले तर घसरलेला हात आत जाऊन कोपरापर्यंत अडकू शकतो. एक दांडा दाराजवळ उभा आणि एक बैठकीशेजारी आडवा घेतला, तोही आईच्या उजव्या बाजूला, कारण तिच्या डाव्या खांद्यात जोर नाही. पण दांडा टिकतो तो भिंतीच्या भरवशावर. न्हाणीची भिंत बहुधा चार इंची विटांची असते आणि तिच्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू पिळला तर टॉवेल अडकवण्यापुरता तो बरा राहतो. तोल गेलेल्या माणसाचा भार आला की गिट्टीसकट बाहेर येतो. आम्ही भिंतीतून आरपार बोल्ट घेतले आणि बाहेरच्या बाजूने पोलादी पट्टी देऊन ते आवळले. मिस्त्री म्हणाला, "ताई, एवढं लोखंड कायले गाडता?" कारण समजावून सांगितल्यावर त्यानेच पुढे पट्टीचा आकार वाढवला. ज्यांच्या घराच्या भिंती मातीच्या आहेत त्यांनी भिंतीवर विसंबूच नये. जमिनीत काँक्रीट भरून उभा पाईप पक्का करावा आणि त्यासाठीचा खड्डा काळ्या मातीत न थांबवता मुरमापर्यंत न्यावा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा वरवर रोवलेला खांब वर्षभरात हलू लागतो.

खारपाणपट्ट्यातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगते. इथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातले क्षार साध्या लोखंडी दांड्याला फार लवकर गंजवतात आणि गंज आतून, बोल्टच्या तोंडाशी सुरू होत असल्यामुळे वरून रंग चांगला दिसत असतानाच दांडा निकामी झालेला असतो. दांडा आणि बोल्ट दोन्ही स्टेनलेस स्टीलचे, निदान 304 प्रतीचे घ्यावेत. पाणी फारच खारे असेल तर 316 प्रत महाग असली तरी जास्त टिकते. शहानूर धरणाच्या योजनेचे गोडे पाणी नळाला येत असले तरी ते नसेल त्या दिवशी बोअरचेच पाणी वापरले जाते, हे धरूनच सामान घ्यावे.

जमिनीबद्दल थोडक्यात. उंबरठा काढून टाकला की पाणी बाहेर येते, ही मिस्त्रीची शंका बरोबर असते आणि तिचे उत्तर ढाळात आहे. नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाणी बाहेर जाण्याचे जाळीचे तोंड, दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात घ्यावा, फुटाला पाव इंच ढाळ द्यावा आणि दारात जाळीची अरुंद नाली ठेवावी. फरशी खडबडीत हवी. दुकानदाराच्या शब्दावर न जाता नमुन्याच्या फरशीवर साबणाचे पाणी ओतून त्यावर अनवाणी उभे राहून पाहावे. दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते, आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी असावी. गिझर असेल तर अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. हे काम मिस्त्रीच्या हातचे नाही.

आता व्यवहार. गावाकडे काम उक्ते देतात, आणि उक्त्या कामात वरून न दिसणाऱ्या गोष्टींवरच हात आखडला जातो. म्हणून आरपार बोल्ट, ढाळ आणि मुरमापर्यंतचा शोषखड्डा यांची मजुरी आम्ही वेगळी ठरवली आणि वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. यात मिस्त्रीवर अविश्वास नव्हता. ज्या कामाचे पैसे वेगळे मोजले जातात ते काम कारागीरही मान देऊन करतो, असा माझा अनुभव आहे. इसार दिला, सामान आम्ही स्वतः आणले आणि मजुरीचा शेवटचा चौथा हिस्सा परीक्षेनंतर द्यायचे ठरवले. परीक्षा अशी: ढाळावर चार बादल्या ओतून पाणी कुठेही साचत नाही हे पाहायचे, प्रत्येक दांड्याला धडधाकट माणसाने पूर्ण वजनानिशी लोंबकळायचे आणि मग आईने कोरड्या न्हाणीत, कपड्यांनिशी, आत जाणे, बसणे, उठणे आणि बाहेर येणे हे सगळे मिस्त्रीसमोर करून दाखवायचे. त्यात उभा दांडा तिला थोडा उंच वाटला. "काकू, हात कुठी पुरते ते दाखवा," म्हणत मिस्त्रीने तिच्या मुठीपाशी पेन्सिलीची खूण केली आणि दांडा खाली घेतला.

ज्यांना एवढे बांधकाम परवडत नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 पासून आहे. 65 वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला सहायक साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये थेट बँक खात्यात मिळण्याची तिच्यात तरतूद आहे. कमोड खुर्ची आणि वॉकर ही साधने तिच्या यादीत आहेत, त्यामुळे तहसीलच्या गावी गेल्यावर चौकशी अवश्य करावी.

काम झाल्यावर दर पावसाळ्याआधी आणि नंतर बोल्ट आवळून घ्यावेत. खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग काढायला फरशीवर ॲसिड ओतू नये, कारण त्याने सांध्यांतला सिमेंट निघतो आणि स्टीललाही खड्डे पडतात. पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून घासले आणि लगेच धुऊन टाकले तरी डाग बरेच जातात. व्हिनेगर कडाप्प्याला मात्र लावू नये, त्याने दगडाची चकाकी जाते. ती लादी रोज आंघोळीनंतर कोरड्या फडक्याने पुसली की पुरते.