ब्रेडन स्मिथकडून यंदा मला काय हवंय

वेस्ट लाफायेट, १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

काल अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची हंगामपूर्व क्रमवारी आली. आमचं पर्ड्यू विद्यापीठ पहिलं! एकही सामना झालेला नसताना पहिल्या क्रमांकावर आपलं नाव, असं याआधी कधीच झालं नव्हतं. आज बसमध्ये, लॅबमध्ये, जेवणाच्या रांगेत एकच विषय: आमचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ रचणारा ब्रेडन स्मिथ या शेवटच्या वर्षी कुठवर जाणार?

सगळ्यांच्या तोंडी १०७६ हा आकडा आहे. ड्यूकच्या बॉबी हर्लीने १९९३ मध्ये कॉलेज सोडलं तेव्हा त्याच्या नावावर एवढे असिस्ट (सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास) होते आणि तो विक्रम अजून उभा आहे. स्मिथचे तीन वर्षांत साडेसातशेच्या वर झालेत. गेल्या हंगामात त्याची सरासरी सामन्याला ८.७ होती आणि संघ ३६ सामने खेळला. त्याच वेगाने तो खेळला तर विक्रमाला साधारण तेवढेच सामने लागतील. म्हणजे मार्चमध्ये सुरू होणाऱ्या बाद पद्धतीच्या राष्ट्रीय स्पर्धेतून लवकर घरी आलो तर विक्रमही हुकला.

मला मात्र त्याच्याकडून असिस्टपेक्षा दुसरंच काही हवंय.

सहा फुटांचा मुलगा, इथून तासाभरावरच्या वेस्टफील्डचा. २०२२ मध्ये इंडियाना राज्याचा ‘मिस्टर बास्केटबॉल’, म्हणजे शाळकरी खेळाडूंत सर्वोत्तम ठरला, तरी मोठ्या कॉलेजांनी त्याच्यामागे धाव घेतली नव्हती. कोच पेंटरनी त्याला आणलं. त्याचा पिक अँड रोल पाहताना मी बॉल बघतच नाही, त्याचे पाय बघते. आमचा उंच खेळाडू कॉफमन-रेन येऊन बचावपटूची वाट अडवतो, स्मिथ त्याला वळसा घालतो आणि मग सगळे पळत असताना हा चक्क थांबतो. मागून येणाऱ्या बचावपटूला पाठीवर तसाच ठेवतो. समोरच्या उंच सेंटरला ठरवावं लागतं, याच्या अंगावर जायचं की कॉफमन-रेनला धरायचं. सेंटरने एक पाऊल टाकलं की पास गेलेला असतो. गेल्या वर्षी कॉफमन-रेनने सामन्याला २० गुण केले, त्यातले कितीतरी या एका थांबण्यातून आले.

आणि तरीही ह्यूस्टनकडून हरलो. गेल्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत, इंडियानापोलिसला, शेवटच्या सेकंदाला, ६२-६०. त्या रात्री स्मिथचे असिस्ट १५ आणि गुण फक्त ७. ह्यूस्टनचे दोघे-दोघे त्याच्यावर तुटून पडत होते आणि तो प्रत्येक वेळी मोकळा माणूस शोधून काढत होता. सुंदर खेळला. पण मला वाटत राहिलं, यातल्या चार-पाच वेळा त्याने स्वतः फटका मारायला हवा होता. याच मुलाने दुसऱ्या वर्षी तीनच्या रेषेबाहेरून ४३ टक्के फटके बसवलेत! हात आहे. स्वतःकडे बघण्याची सवय हवी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. संध्याकाळी मराठी मंडळी फराळाला जमली आणि चकलीचा डबा उघडायच्या आत वाद पेटला. नागपूरचा एक जण म्हणाला, स्मिथ जेवढा वाढायचा तेवढा वाढलाय, आता उंची आडवी येणार. मी खूप भांडले. उंचीचा प्रश्न असता तर तो गेल्या वर्षी बिग टेनचा, म्हणजे आमच्या विद्यापीठ-गटाचा सर्वोत्तम खेळाडू झाला असता का?

खरी अडचण दमण्याची आहे. चाळीस मिनिटांच्या सामन्यात हा सदतीस मिनिटं मैदानात. बॉल पुढे आणायचा त्यानेच, समोरच्याचा हिसकावायचा त्यानेच, आणि गेल्या वर्षी आमचे उंच खेळाडू कमी पडले म्हणून रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडायलाही धावायचं त्यानेच. सात फूट चार इंचांचा जेकबसन दुसऱ्याच सामन्यात पाय मोडून बसला होता. यंदा तो परतलाय, शिवाय साउथ डकोटा स्टेटहून ऑस्कर क्लफ आलाय. रिंगखालची चिंता बरीच मिटली.

पण माझी नजर ओमर मायरवर आहे. इस्रायलहून आलेला नवा गार्ड. त्याने बॉल पुढे आणला तर स्मिथ एका बाजूला मोकळा उभा राहू शकेल, पास घेऊन लगेच फटका मारू शकेल, अधूनमधून बाकावरही बसेल. यात त्याचे असिस्ट सामन्याला एकाने घटले आणि विक्रम राहिला, तरी मला चालेल. हे बोलल्यावर खोलीतले सगळेच माझ्यावर उलटले.

राष्ट्रीय स्पर्धेत २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनसारख्या सगळ्यात बुटक्या संघाकडून हरताना पहिल्या वर्षातला स्मिथ मैदानात होता. २०२४ च्या अंतिम सामन्यात यूकॉनने ७५-६० हरवलं, तेव्हाही. त्या सामन्यात आमच्या अख्ख्या संघाने तीनचे फटके मारले सात, बसला एक. पर्ड्यूने ही स्पर्धा आजवर एकदाही जिंकलेली नाही. आणि यंदाची अंतिम फेरी एप्रिलमध्ये इंडियानापोलिसला, त्याच्या घराशेजारी.

४ नोव्हेंबरला इव्हान्सव्हिलशी पहिला सामना, त्यातून फारसं कळणार नाही. १३ तारखेला अलाबामाच्या मैदानावर मात्र मी दोनच गोष्टी वहीत टिपणार आहे: स्मिथ किती मिनिटं बाकावर बसला, आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्याने स्वतः किती फटके मारले.