सॉरी म्हणजे नेमकं काय?

आजोबा गेले तेव्हा मी चार दिवस सुट्टीवर होतो, परत जॉईन झालो तर अमेरिकेतली मॅनेजर कॉल सुरू होता होताच म्हणाली, "आय ॲम सॉरी", आणि मी पटकन बोलून गेलो, "इट्स ओके, नॉट युवर फॉल्ट." पलीकडे सामसूम. मला वाटलं नेट गेलं. मग टीममधल्या मित्राचा पिंग आला, अरे येड्या, तिथे थँक्यू म्हणायचं असतं!

पण आपल्याला लहानपणापासून सॉरी म्हणजे माफी एवढंच माहिती ना. धाकट्याला ढकललं की आई म्हणणार "सॉरी म्हण त्याला", मग आपण भिंतीकडे बघत पुटपुटणार, विषय संपला. आणि नाही संपला तर "म्हटलं ना सॉरी!" हे वरून, ज्यात सॉरी कमी आणि भांडण जास्त.

मग जरा खोदकाम केलं. जुन्या इंग्रजीत 'सारिग' असा शब्द होता, तो 'सार' म्हणजे दुखणं, जखम यावरून आलेला, घसा दुखायला लागला की आपण सोअर थ्रोट म्हणतो ना, त्यातला सोअर तोच. म्हणजे मुळात सॉरी म्हणजे जीव दुखावलेला असणं, माफीबिफी नंतरची. (सॉरो हा शब्द सॉरीचा सख्खा भाऊ वाटतो पण त्याचं मूळ वेगळंय, हे मला भलतंच आवडलं.) मराठीत सगळ्यात जवळ काय जात असेल तर 'वाईट वाटलं'. कोणी गेलं तरी वाईट वाटतं, आपण कोणाला टाकून बोललो तरी नंतर वाईट वाटतं.

आणि या दोन अर्थांच्या मधली जागा किती अडचणीची आहे ते ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारने कित्येक वर्षं आईबापांपासून तोडून नेली होती. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत ठराव आणला त्यात 'रिग्रेट' होतं, सॉरी नव्हतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून प्रचंड मोर्चा निघाला तेव्हा वर आकाशात विमानाने धुराने एकच शब्द लिहिला, सॉरी. तो संसदेत सरकारच्या तोंडून यायला १३ फेब्रुवारी २००८ उजाडला, पंतप्रधान केव्हिन रड. एका शब्दासाठी एवढी वर्षं!

कॅनडात उलटं, तिथे लोक उठसूट सॉरी म्हणतात अशी ख्याती आहे. ऑन्टॅरिओ प्रांताने तर २००९ मध्ये कायदाच केला की तुम्ही सॉरी म्हणालात म्हणून दिवाणी दाव्यात ती चुकीची कबुली धरली जाणार नाही. ब्रिटिशांचं अजून वेगळं, ते 'सॉरी?' असं शेवटी सूर चढवून म्हणाले तर फक्त ऐकू आलेलं नसतं, म्हणजे आपलं 'ऑं?'

आपल्याकडे कोणाला चुकून पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा आणि तोच हात आपल्या कपाळाला लावायचा, बोलायचं काहीच नाही. परवा लोकलमध्ये माझा पाय एका आजींना लागला, मी सवयीने सॉरी म्हणालो आणि हातही लावला. आजी म्हणाल्या, "असू दे रे, आधी ते दप्तर पुढे घे, माझ्या डोक्यात बसतंय."