आगळाचा रंग टिकवताना

सोन्याचे नॅनोकण बनवणं हा माझ्या एमएस्सी प्रकल्पातला सोपा भाग निघाला. क्लोरोऑरिक आम्लाच्या उकळत्या द्रावणात ट्रायसोडियम सायट्रेट ओतायचं. पिवळट पाणी आधी बिनरंगी, मग काळपट, आणि शेवटी कोकमाच्या आगळासारखं लाल. टर्केविचची ही कृती १९५१ची. काचसामान तेवढं ॲक्वा रेजियाने (सोनंही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लमिश्रणाने) धुतलेलं हवं. कण साधारण १३ नॅनोमीटरचे, शोषणाचं शिखर, म्हणजे ज्या तरंगलांबीचा प्रकाश ते सगळ्यात जास्त शोषतात ती, ५१९ नॅनोमीटरला. मी खूश.

घोडं अडलं ते पुढे. कणाभोवती थर असतो सायट्रेटचा, पण ते कणाला सैल हातानेच धरून असतं. मला त्याच्या जागी मर्कॅप्टोअनडेकॅनोइक आम्ल बसवायचं होतं: एका टोकाचं गंधक सोन्याला घट्ट धरतं, दुसऱ्या टोकाच्या कार्बोक्सिलला पुढे प्रथिन जोडता येतं. इथेनॉलमध्ये विरघळवलेलं हे थायोल (अशा गंधकवाल्या संयुगांचं नाव) मी सरळ ओतलं. पाच मिनिटांत आगळाचं जांभूळ झालं, म्हणजे कण एकमेकांना चिकटले; दुसऱ्या दिवशी तळाला काळा गाळ. तीन वेळा हेच! मला वाटलं, पाणीच खराब.

पाण्याचा दोष नव्हता. सायट्रेट सुटत होतं आणि नवा थर अजून विरळ होता. शिवाय द्रावण किंचित आम्लधर्मी, म्हणजे बऱ्याचशा कार्बोक्सिलवर प्रोटॉन, ऋण भार अपुरा. कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारं काही उरतच नव्हतं.

मग आधी ट्वीन-२० (कणांवर थर धरणारा साबणासारखा पदार्थ) घातलं आणि अर्धा तास थांबले. सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ११ च्या आसपास नेला, त्यानंतर थायोल, आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी फोंड्याहून कदंबाच्या बसने पोचले ती धावतच आत गेले. लाल! थर टिकाऊ आहे का बघायला मिठाचं पाणी घातलं, तरी लाल. नुसत्या सायट्रेटचे कण एवढ्या मिठात लगेच निळे पडतात.

मॅडमनी नळी उजेडात धरली. "मिठात पास कोण झालं गं? थायोल की ट्वीन?"

मी गप्प. ट्वीनचा थर एकटाही कणांना मिठापासून वाचवतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे शिल्लक ट्वीन धुऊन काढायला हवं, आणि सोबत फक्त ट्वीन घातलेली, थायोल नसलेली नळीही तशीच धुवायला हवी. तीन वेळा सेंट्रिफ्यूज. दुसऱ्या फेरीत वीज गेली (पावसाळ्यात आमच्याकडे हे ठरलेलंच), खाली बसलेले कण परत वर आले, ती फेरी पुन्हा केली.

शेवटी दोन्हींत मीठ. ट्वीनवाली जांभळी पडली. थायोलवाली लालच राहिली, आणि तिचं शिखर ५२३ ला सरकलेलं.

चवथीच्या सुट्टीला निघताना जांभळ्या नळीवर मोठ्या अक्षरांत लिहून आले: 'फेकू नये.'