पाच गोळ्या

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एका हॉस्पिटलच्या फार्मसीत मी नोकरी करते. ३० सप्टेंबर २०२४ ला ट्रॉली घेऊन प्रसूती विभागात गेले आणि रक्तस्रावाच्या वेळी लागणारी औषधं ठेवलेल्या एकेका कार्टमधून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या काढून आणल्या. दुसऱ्या दिवसापासून मिसोप्रोस्टॉल आणि मिफेप्रिस्टोन या गर्भपातासाठी वापरल्या जाणाऱ्या गोळ्या राज्याच्या कायद्याने शेड्युल ४ मध्ये, म्हणजे नियंत्रित औषधांत जाणार होत्या, झोपेच्या नि नशेच्या गोळ्यांच्या पंगतीत. गर्भपातावर इथे २०२२ पासून जवळपास पूर्ण बंदी आहेच. आता चिठ्ठीशिवाय गोळी सापडली तर ५ वर्षांपर्यंत कैद. गरोदर बाईने स्वतःसाठी ठेवली तर तेवढी सूट.

मुळात मिसोप्रोस्टॉल ही अल्सरची गोळी. बाळंतपणानंतरचं रक्त थांबवायलाही तीच, आणि फ्रिज लागत नाही म्हणून कार्टच्या ड्रॉवरमध्ये पडून असायची. कायदा करणाऱ्यांनी एकदा तो ड्रॉवर उघडून पाहायला हवा होता.

तीन आठवड्यांनी रात्रपाळीला मी वर प्रसूती विभागात, आता या गोळ्या कुलूपबंद असलेल्या कपाटातली मोजणी करत होते. बाजूच्या खोलीतल्या बाळंतिणीचं अचानक खूप रक्त जाऊ लागलं म्हणून धावपळ उडाली. रक्त थांबवायचं ऑक्सिटोसिन चालू होतं, पण पुरत नव्हतं; त्यानंतरची औषधं हवी होती. बीपी वाढलेलं, म्हणून मेथर्जिन नाही. दमा, म्हणून कार्बोप्रोस्ट नाही. डॉक्टर ओरडल्या, "मिसो, हजार!" म्हणजे २०० मायक्रोग्रॅमच्या ५ गोळ्या.

नर्स कपाटाकडे पळत आली, हातमोजा ओढून काढला, बोट टेकवलं. घामेजलेलं बोट, यंत्र घेईना. स्क्रबला पुसून परत टेकवलं, तरी नाही. शेवटी मी माझं बोट लावलं. ड्रॉवर उघडला तर पडद्यावर प्रश्न: आत गोळ्या किती शिल्लक? मोजा, आकडा भरा, मग घ्या. मी मोजत होते आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. एक गोळी निसटून कोपऱ्यात गेली, ती नखाने काढली.

बाई वाचली. फार वेळ गेला नसेल, दीड-दोन मिनिटं. पण आधी हात लांब केला की गोळी मिळायची.

सकाळी आईला फोन केला. ती सातारा जिल्ह्यात एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका होती.

"आम्ही या गोळ्या पिशवीत घालून वाड्यावस्त्यांवर हिंडायचो की गं," म्हणाली. मग जरा थांबून, "किल्ली कुणाकडं असते?"

"किल्ली नाही आई, बोट लागतं."

"कुणाचं?"