तिसरीत नक्की काय बदलतं?

"दुसरीपर्यंत सगळं छान चाललं होतं हो, तिसरीत अचानक काय झालं?" हा प्रश्न मला शाळेच्या गेटवर, फोनवर, पालकसभेत, कुठेही विचारला जातो आणि दरवेळी दोन मिनिटांत उत्तर देऊन पुढे जावं लागतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. मी प्राथमिकला शिकवते, तिसरीचा वर्ग माझ्याकडे पुष्कळदा आलाय आणि तो माझा सगळ्यात आवडता वर्ग आहे, हे आधीच सांगून टाकते.

अचानक काही झालेलं नसतं. मूल आळशी झालेलं नसतं, बिघडलेलं नसतं, बहुतेक वेळा मोबाईलमुळेही नसतं. त्याच्यापुढचं काम बदललेलं असतं. दुसरीपर्यंत वाचायला येणं हाच अभ्यास असतो, अक्षर ओळखलं, शब्द जुळवला, वाक्य म्हणून दाखवलं की शाबासकी. तिसरीपासून वाचता येतंच असं धरून पुढचं सगळं शिकवलं जातं, विज्ञान वाचून समजायचं, भूगोल वाचून समजायचं, प्रश्न वाचून उत्तर शोधायचं, आणि गणितसुद्धा वाचूनच सोडवायचं. जीन चॉल या हार्वर्डच्या प्राध्यापक बाईंनी १९८३ साली वाचनाचे टप्पे मांडले, त्यात आधी वाचायला शिकायचं आणि मग साधारण चौथीपासून शिकण्यासाठी वाचायचं असा मोठा फरक त्यांनी दाखवला होता. प्रत्यक्ष वर्गात हा बदल तिसरीतच सुरू झालेला असतो आणि पालकांना तो कुणी सांगितलेलाच नसतो.

याचं उदाहरण बघा. एका खोक्यात ६ पेन्सिली, अशी ८ खोकी आहेत, त्यातल्या ५ पेन्सिली तुटलेल्या निघाल्या तर चांगल्या पेन्सिली किती? साही आठे अठ्ठेचाळीस झोपेत म्हणणारं मूल इथे ६, ८ आणि ५ ची सरळ बेरीज करून १९ लिहून मोकळं होतं. घरी वाटतं गणित कच्चं राहिलंय, मग आणखी पाढे, आणखी वह्या. अशा वेळी फक्त एवढं करा, तेच उदाहरण तुम्ही सावकाश, मोठ्याने त्याला वाचून दाखवा. ऐकून जर त्याने ४३ असं बरोबर उत्तर दिलं तर गणित ठीक आहे, अडचण वाचनात आहे. ऐकूनही जमलं नाही तर गुणाकार म्हणजे काय, कधी करायचा, इथे अडलंय. दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि उलटा उपाय केला तर वर्ष वाया जातं, शिवाय मूल वैतागतं ते वेगळंच.

वाचनाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तिसरीचं जवळजवळ सगळं त्यावर उभं असतं. रोज दहा मिनिटं मुलाचं मोठ्याने वाचन ऐका. तपासायचं म्हणून नको, नुसतं शेजारी बसून ऐका. जोडाक्षर आलं की थबकतंय का, शब्दाचं पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजाने ठोकून देतंय का, ओळ सुटतेय का, पूर्णविराम आला तरी तसंच पुढे पळतंय का, हे आपोआप कळतं. आणि मग विचारा, काय झालं यात? काही मुलं इतकं घडाघडा वाचतात की आपण निश्चिंत होतो, पण विचारलं की एक वाक्य सांगता येत नाही. याच्या उलट काही मुलं अडखळत वाचतात पण अर्थ पक्का धरतात, त्यांची मला कमी काळजी वाटते, त्यांना सराव हवा असतो एवढंच. सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यात गेलं तर अर्थासाठी डोक्यात जागा उरत नाही, म्हणून वाचन सहज होणं महत्त्वाचं. वेगाची स्पर्धा मात्र लावू नका.

आणि एक कळकळीची विनंती. मुलाला वाचता यायला लागलं की आईबाबा त्याला वाचून दाखवणं बंद करतात, "आता तुझं तू वाच". नेमकं याच वर्षी ते बंद करू नका. या वयाच्या मुलाला स्वतः वाचून जेवढं समजतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट ऐकून समजते. पुस्तकात आता बाष्पीभवन, क्षितिज, प्रशासन असले शब्द येतात जे आपण घरात बोलताना कधी वापरतच नाही, ते त्याने आधी कुठेतरी ऐकलेले असले तर छापलेले दिसल्यावर ओळखीचे वाटतात. विषयाची आधीच थोडी माहिती असेल तर वाचलेलं जास्त समजतं, म्हणून ग्रह, प्राणी, किल्ले, यंत्रं, जे आवडेल त्यावर भरपूर गप्पा मारा. शाळेचं माध्यम घरच्या भाषेपेक्षा वेगळं असेल तर गोष्ट घरच्या भाषेत समजावून सांगितलीत तरी चालेल, समज एकदा आली की ती दोन्हीकडे कामाला येते.

गणितात गुणाकार, भागाकार आणि अपूर्णांक हे तीन नवे पाहुणे. पाढ्यांची फार धास्ती घेतली जाते. २ ते ९ मध्ये एकूण ६४ गुणाकार होतात, पण सात चोक आणि चार साते एकच, हे मुलाला पटलं की उरतात ३६. त्यातले २ चे आणि ५ चे बहुतेकांना आधीच येत असतात, ते वजा केले की फक्त २१. हे २१ मुलाबरोबर बसून एका कागदावर लिहून काढा, त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसेल. पाठांतराच्या मी विरोधात नाही, उलट गुणाकार पटकन आठवला की पुढचा भागाकार सोपा जातो, पण आठ सक अडला तर चार सकची दुप्पट करून पोचता आलं पाहिजे, नाहीतर एक आकडा विसरला की सगळंच संपतं. अपूर्णांकात जवळजवळ प्रत्येक मूल एक चतुर्थांश हा एक तृतीयांशपेक्षा मोठा म्हणतं, कारण चार तीनपेक्षा मोठा. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या घ्या, एकीचे तीन आणि दुसरीचे चार सारखे भाग करा, पुढे तुम्हाला फारसं बोलावं लागणार नाही.

अक्षर बिघडलं अशी तक्रार येते. तिसरीत मूल पहिल्यांदा स्वतःच्या मनातला परिच्छेद लिहायला लागतं, लक्ष विचाराकडे असतं, त्यामुळे अक्षर काही महिने वाकडं होतंच. आधी काय लिहिलंय ते वाचा, मग कसं लिहिलंय ते बघा.

आता मनाचं. सात-आठ वर्षांपर्यंत मूल स्वतःला इतरांशी फारसं तोलत नाही, सगळ्यांनाच आपण वर्गात पहिले वाटत असतो. तिसरीच्या सुमाराला ते कळायला लागतं, कोण पटकन वाचतं, कोणाला बाई फळ्यावर बोलावतात, कोणाला खेळात घेत नाहीत. "मी ढ आहे" हे वाक्य मी पहिलीत क्वचित ऐकते आणि तिसरीत वारंवार. मैत्री पण बदलते, ग्रुप होतात, काल जिवलग असलेली आज बोलत नाही आणि घरी आल्यावर पोट दुखतं. हे क्षुल्लक समजून हसू नका. लगेच समोरच्या मुलाच्या घरी फोनही लावू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या, बऱ्याचदा त्याला तेवढंच हवं असतं. पण तेच मूल रोज एकटं पडत असेल किंवा कोणी मुद्दाम, वारंवार त्रास देत असेल तर त्याच दिवशी शिक्षकांना सांगा.

शरीराचं पण बघा. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारं मूल पुष्कळदा बेफिकीर नसतं, त्याला दिसत नसतं, याच वयात दूरचं अंधुक दिसायला लागतं आणि मूल सांगत नाही कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं. वर्षातून एकदा डोळे तपासाच. ६ ते १२ वयाला रात्रीची ९ ते १२ तास झोप लागते, ती नसेल तर कुठलीही शिकवणी उपयोगाची नाही. मुलींमध्ये शरीरातले बदल आठव्या वर्षापासूनही सुरू होऊ शकतात, म्हणजे काही घरांत तिसरीतच, तेव्हा आईने किंवा घरातल्या जवळच्या बाईने साध्या शब्दांत आधीच बोलून ठेवलेलं बरं. आठच्या आधीच सुरू झाले तर डॉक्टरांना दाखवा.

काही मुलांच्या बाबतीत मात्र "येईल हळूहळू" म्हणून थांबू नये. पहिली-दुसरीत धडे पाठ करून, चित्रं बघून, आवाज लक्षात ठेवून हुशार मुलं वाचनातली अडचण लपवू शकतात. तिसरीत मजकूर इतका वाढतो की लपवणं शक्य होत नाही. तोंडी सगळं येतं पण लिहा-वाचायला बसलं की रडारड, तोच शब्द एका पानावर तीन वेगळ्या प्रकारे वाचणं, छोट्या बेरजेलाही अजून बोटं, असं महिनोन् महिने चालू असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. डिस्लेक्सियाचा, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यात आणि लिहिण्यात कायम येणाऱ्या अडचणीचा, बुद्धीशी संबंध नाही आणि योग्य मदत जितकी लवकर मिळेल तितकं सोपं जातं. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिसरीअखेर नीट वाचता न येणाऱ्या मुलांचं शाळा अर्धवट सोडण्याचं प्रमाण चांगलं वाचणाऱ्यांच्या चौपट दिसलं होतं. हा आकडा मुलांना घाबरवायला वापरलेला मला आवडत नाही, तिसरीनंतर दारं बंद होतात असं तो सांगत नाही, चौथी-पाचवीतही मुलं झपाट्याने सावरतात. मोठ्यांनी वेळेत हलावं म्हणून तो लक्षात ठेवायचा.

मग ट्यूशन लावू का, हा नेहमीचा पुढचा प्रश्न. कुठे अडलंय ते कळल्याशिवाय नको. पालकसभेला याल तेव्हा मार्कांच्या आधी हे विचारा: मोठ्याने वाचायची वेळ आली की माझं मूल काय करतं? बरीच मुलं नेमकी तेव्हाच पाणी प्यायला जातात, पेन्सिल पाडतात किंवा सगळ्यांना हसवायला लागतात. आम्हा शिक्षकांना ते दिसत असतं, पण तीस-चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक वेळी आपणहून सांगणं होत नाही, कोणी विचारलं की आम्ही नक्की सांगतो.