ताकभात आणि फिजिक्स
उद्या बारावीचा फिजिक्सचा पेपर, आणि लेकीचं पुन्हा तोंड आलंय. दहावीलाही हेच झालं होतं! सकाळी आमटीभात झोंबला म्हणून ताकभात कालवून दिला. आजीचं निदान तयारच: "उष्णता. जागरणं बंद कर."

मला ओहायो स्टेट विद्यापीठाचा 1998 साली छापून आलेला प्रयोग आठवला. दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. एकदा उन्हाळी सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. (तयार कसे झाले कोण जाणे!) परीक्षेतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले.

हे लेकीला सांगितलं. तिनं जिभेनं फोड चाचपला, म्हणाली, "म्हणजे केमिस्ट्रीपर्यंत ताकभातच?"